वणवा फाल्गुनात, तयारी कार्तिकात

लोधिवलीच्या उत्तरेस इर्शाळगड, प्रबळगड आणि त्यांच्या पलीकडे माथेरानची रांग आहे. दक्षिणेस पाताळगंगेच्या पल्याड माणिकगड उभा आहे. आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात या डोंगरांची दोन रूपे असतात. एक श्रावणातले, हिरवे आणि ओहोळांनी वाहणारे. दुसरे माघ-फाल्गुनातले, रात्री अंगावर आगीची वाकडीतिकडी रेघ वागवणारे. पहिल्या रूपाविषयी आपण नेहमीच कौतुकाने बोलतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही दुसऱ्या रूपाविषयी लिहीत आहोत, कारण मधल्या काळात घरे डोंगराकडे सरकली आहेत आणि गवत घरांपर्यंत आले आहे. ती रेघ आता केवळ दुरून पाहण्याची गोष्ट राहिलेली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वणवा ही आपल्या भागात नैसर्गिक आपत्ती नाही. ती बहुतांशी माणसाच्या हातून घडते आणि म्हणूनच टाळता येते. ती टाळण्याचे काम धूर दिसल्यावर सुरू होत नाही. गवत पिवळे पडू लागते तेव्हा सुरू होते. आणि हे काम एकट्या वनखात्याचे नाही, एकट्या आदिवासी वाडीचे तर मुळीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी ज्याची ज्याची जमीन, घर, शाळा किंवा बंगला आहे, त्या प्रत्येकाचे ते आहे.

आपले रान आणि आग

कर्जत-खालापूरमध्ये वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे असतात. इथले रान मुख्यतः पानझडी आहे. साग, ऐन, किंजळ, खैर, पळस, मोह ही उतारावरची झाडे. ओलाव्याच्या घळींत आंबा, जांभूळ, उंबर. वरच्या अंगाला कारवी. माघापासून पाने झडू लागतात. भाद्रपदात छातीपर्यंत वाढलेले गवत तोवर वाळून कोळ झालेले असते. त्या गवतावर पाचोळ्याचा थर बसला की जळणाची सिद्धता पूर्ण होते. उणीव असते ती फक्त एका ठिणगीची, आणि ती ठिणगी आभाळातून क्वचितच येते. आपल्याकडे विजा कडाडतात त्या बहुधा पावसासोबत, वळवाच्या किंवा परतीच्या. ऐन कोरड्या दिवसांतली ठिणगी माणसाच्या हातचीच असते.

आपला वणवा जमिनीलगत धावतो. त्याच्या ज्वाळा सहसा झाडांच्या शेंड्यांपर्यंत जात नाहीत. पावसाळा आला की डोंगर पुन्हा हिरवा होतो, आणि त्यामुळे फारसे बिघडले नाही असा आपला समज होतो. हा समज चुकीचा आहे. मोठे झाड वाचते, पण त्याच्या पायाशी उगवलेली रोपे जातात, पडलेले बी जाते, कुजून माती होऊ पाहणारा पाचोळा जातो. राखी रानकोंबडी, तित्तर, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांपैकी कित्येकांच्या विणीचा काळ आणि वणव्याचा काळ एकच असतो. ऐनाची जाड, खवल्यांची साल आणि सागाचा पुन्हा फुटण्याचा गुण त्यांना तारतो; पातळ सालीची नाजूक झाडे मात्र वर्षामागून वर्षे लागणाऱ्या आगीत नाहीशी होतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या नव्या रोपांवरून आग गेली, तर त्या उतारावरची एक संपूर्ण पिढी जाते. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी आणि रानमोडी शिरतात. रानमोडीचे नाव लोकांनी उगीच ठेवलेले नाही: ती रान मोडते, उन्हाळ्यात वाळून स्वतःच जळण होते आणि आगीनंतर बुडख्यातून पुन्हा उगवते.

याचा परिणाम डोंगरापुरता राहत नाही. उघड्या पडलेल्या उतारावर ज्येष्ठातला पहिला जोराचा पाऊस थेट मातीवर आदळतो. पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन पळते. त्याच उतारांखाली आपल्या विहिरी आहेत, भाताची खाचरे आहेत आणि नवी मुंबईची तहान भागवणारे मोरबे धरणही आहे. म्हणजे नेरुळ-वाशीला राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याच्या नळाचा संबंध चौकच्या डोंगरावरील गवताशी आहे.

इथे इर्शाळवाडीचा उल्लेख टाळता येणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात ठाकर बांधवांच्या त्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोधकार्य थांबवावे लागले. ती दरड वणव्यामुळे कोसळली असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या रात्रीने शिकवलेली एक गोष्ट वणव्यालाही लागू आहे. वाडीला गाडीरस्ता नव्हता; मदतीला धावलेल्यांना अंधारात, पावसात डोंगर पायी चढावा लागला. डोंगरावरच्या वस्तीला बाहेरची मदत कितीही तत्परतेने निघाली तरी उशिराच पोहोचते. पहिले काही तास तिथल्या माणसांचे असतात, आणि त्या तासांची तयारी आधीच करावी लागते.

हे गवत कुणाचे?

वणवा लागला की पहिला संशय वाडीवर जातो. ‘आदिवासींनी लावला असेल’ हे वाक्य आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यातला अन्याय आपल्याला जाणवत नाही. वाडीवरूनही काही आगी लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, अशी समजूत अनेक गावांत आहे. ससा किंवा डुक्कर उठवण्यासाठी, मध काढताना धूर करण्यासाठी लावलेली आग हाताबाहेर जाते. कधी भाताच्या रोपांसाठी राब भाजताना ठिणगी बांधाबाहेर उडते. पण त्याच यादीत गडावर मुक्कामी आलेल्या पर्यटकांची शेकोटी आहे, रस्त्याकडेला गाडीतून फेकलेले सिगारेटचे थोटूक आहे, कचऱ्याचा पेटवलेला ढीग आहे आणि ‘जागा साफ करण्यासाठी’ प्लॉटवर लावलेली काडीही आहे. आमच्या मते मात्र काडी कुणी लावली या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: इतके गवत फाल्गुनापर्यंत उभे कसे राहिले?

पूर्वी ते उभे राहत नसे. दिवाळीनंतर गवत कापले जाई, त्याचे भारे बांधले जात, काही गुरांसाठी गंजीत रचले जात, काही तबेल्यांना विकले जात. उरलेल्या खुंटांवर गुरे चरत. पाचोळा आणि टहाळ राबाला जाई. राबही आगच होती. पण ती बांधाच्या आत, वारा पाहून आणि माणूस उभा ठेवून लावलेली आग होती. या सगळ्या कामांमुळे डोंगराच्या पायथ्याचे जळण दर वर्षी आपोआप कमी होत असे. त्याला कुणी वणव्याची पूर्वतयारी म्हणत नव्हते, पण ती तयारीच होती.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, जमिनीला भाव आला आणि या भागातील माळ तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले. नव्या मालकाने कुंपण घातले, फाटकाला कुलूप लावले आणि तो शहरात राहू लागला. गुरे कमी झाली, आणि आहेत त्यांना आत जाण्याची वाट उरली नाही. गवत कापणे कुणाचेच काम राहिले नाही. दुसरीकडे कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. खैरापासून कात काढणारे म्हणून ज्यांना हे नाव मिळाले, रानाची नस न् नस ज्यांना ठाऊक, ती तरणी माणसे वणव्याच्या नेमक्या महिन्यांत भट्टीवर असतात. वाडीत उरतात म्हातारी माणसे, आणि काही लेकरे आपल्यासारख्या निवासी शाळांत. गवत वाढले आणि ते कापणारे, विझवणारे हात दूर गेले. आज जे चित्र दिसते त्याचे मूळ इथे आहे.

ही साखळी केवळ आपल्याकडची नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतील लाहैना हे शहर जळाले आणि सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली. तिथे उसाचे मळे बंद पडले होते, ओसाड जमिनींवर बाहेरून आणलेले गवत माजले होते. कोरड्या, वादळी वाऱ्याने बाकीचे काम केले. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावी ८५ माणसे दगावली. आपले रान तिथल्यासारखे नाही आणि तसा अग्निप्रलय इथे होईल असे भय आम्हाला घालायचे नाही. पण तिथल्या अभ्यासकांनी जळालेली व वाचलेली घरे तपासून जे सांगितले ते इथेही खरे आहे. पुष्कळ घरे ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत. वाऱ्याबरोबर आलेल्या निखाऱ्यांनी जळतात. निखारा छपरावरच्या पाचोळ्यात, भिंतीलगतच्या लाकडात, दाराशी ठेवलेल्या पेंढ्यात पडतो आणि घर आतून पेटते. म्हणून घराचे भवितव्य बहुतांशी घराभोवतीच्या शंभर फुटांत ठरते, आणि ते शंभर फूट आपल्या हातात असतात.

विनयपिटकातील एक प्रसंग

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. काही भिक्खूंनी रानाला आग लावली. लोकांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली, तेव्हा रानाला आग लावू नये असा नियम बुद्धांनी घालून दिला. पुढे असे झाले की विहारांभोवती गवत माजले आणि रानातला वणवा येऊन विहार जळू लागले. नियमामुळे भिक्खू समोरून प्रतिआग लावण्यास कचरत होते. तेव्हा वणवा येत असता प्रतिआग देण्याची आणि संरक्षण करण्याची मुभा बुद्धांनी दिली.

या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. रान पेटवणे हा दोष आहे. गवत माजू दिलेली वास्तू धोक्यात असते, मग ती विहार का असेना. आणि जीव व निवारा वाचवण्यासाठी विवेकाने कृती करणे हे नियमाच्या विरुद्ध नाही. यातील प्रतिआग मात्र आज वनखात्याच्या अनुभवी माणसांनीच लावावी. नवख्याने लावलेली प्रतिआग म्हणजे दुसरा वणवा ठरतो. आपल्यासाठी राहते ते संरक्षण: वेळेवर गवत काढणे आणि आगीची वाट तोडणे.

घर, शाळा आणि वाडी यांसाठी

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. तिथून कार्तिक सरेपर्यंत गवतात थोडी ओल असते आणि कापणी सोपी जाते. काम माघ पौर्णिमेच्या आत संपावे, असा नेम धरावा.

घराच्या भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखे काहीही नसावे. माती, दगड किंवा फरशी असावी. तीस फुटांपर्यंत गवत बोटभर ठेवावे आणि वाळक्या फांद्या उचलाव्यात. शंभर फुटांपर्यंत झुडपांची दाटी विरळ करावी, झाडांच्या जमिनीलगतच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटाव्यात. झाडे तोडण्याची गरज नाही. हिरवे, ओलसर झाड निखारे अडवते. सरपण, गोवऱ्या आणि पेंढ्याची गंजी घरापासून दूर आणि शक्यतो उताराच्या वरच्या अंगाला असावी. कौलांच्या सांध्यांतला व पन्हळीतला पाचोळा होळीच्या आत काढावा. कारवीच्या कुडाचे घर असेल तर कुडाला मातीचा जाड गिलावा करावा. पाण्याची टाकी उंचावर असावी आणि तिला खाली तोटी असावी, कारण आगीच्या वेळी वीज गेली की पंप निरुपयोगी होतो.

आग चढावर वेगाने धावते, कारण तिची धग वरच्या गवताला आधीच तापवते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. म्हणून घराच्या उताराकडील, म्हणजे खालच्या बाजूची साफसफाई अधिक रुंद असावी. वस्तीभोवती जाळरेषा काढताना तिची रुंदी गवताच्या उंचीच्या निदान दुप्पट-तिप्पट ठेवावी, गवत मुळापासून खरडून काढावे आणि पुन्हा पडलेला पाचोळा दर पंधरवड्याला झाडावा. एकदा काढून विसरलेली जाळरेषा पाचोळ्याने भरते आणि आगीला पूल मिळतो.

निवासी शाळांची जबाबदारी विशेष आहे, कारण तिथे लेकरे रात्री झोपतात. जमण्याची जागा कोणती, ती उताराच्या कोणत्या बाजूला, हजेरीपट कुणाच्या हाती, लहान मुलांसोबत कोण, गाडीची किल्ली कुठे, गॅसची टाकी कोण बंद करणार, हे कागदावर असावे आणि वर्षातून निदान दोनदा, त्यांतील एकदा रात्री, त्याची रंगीत तालीम व्हावी. धूर आला तर खिडक्या बंद करून दम्याच्या मुलांना आधी हलवावे. विद्यार्थ्यांना वणवा विझवायला पाठवू नये, ते कितीही उत्साही असले तरी.

विझवायला जाणाऱ्या प्रौढांनीही काही पथ्ये पाळावीत. सुती कपडे आणि बूट घालावेत. टेरिकॉट, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. ओले बारदान, ओल्या फांद्या, दाताळे, फावडे एवढी साधने गवताच्या आगीला पुष्कळदा पुरतात. आगीच्या वरच्या अंगाला किंवा घळीत कधीही उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने आग आवळत आणावी. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली मंडळी वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. कलावंतीण, इर्शाळ, पेबच्या वाटा तुडवणाऱ्या आपल्या तरुणांनी ते नाव लक्षात ठेवावे.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ नुसार वनात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्र वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवल्यास उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर येते. प्रत्येक वाडीतील आणि शाळेतील निदान दोघांनी ही नोंदणी करावी.

आपल्या माणसांना विनंती

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी कष्टाने पैसा उभा करून या भागात जमीन घेतली आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हक्काची जमीन मिळाली नाही, त्या समाजातील मुलाच्या नावावर सातबारा होणे ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सातबाऱ्यावर नाव लागले की त्या जमिनीवरील गवतही आपल्या नावावर होते. प्लॉटला कुलूप लावून निघून गेलेला मालक, मग तो आपला असो वा परका, शेजारच्या वाडीच्या उशाशी जळण रचून ठेवत असतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, ज्यांची जमीन आहे त्यांनी दर कार्तिकात गवत कापून घ्यावे आणि ते काम जवळच्या वाडीतील कुटुंबांना रास्त मजुरी देऊन सोपवावे. कापलेले गवत त्यांचेच असू द्यावे. एका मालकाच्या कामाने कुणाचे भट्टीवर जाणे थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पायथ्याच्या सर्व मालकांनी मिळून गवत कापणे, जाळरेषा राखणे आणि फाल्गुन-चैत्रात राखण करणे यासाठी मजुरी ठरवली, तर काही घरांना उचल न घेता गावातच राहता येईल. त्यांची लेकरे आईबापांजवळ राहतील आणि डोंगराला राखणदार मिळतील. वणवा रोखण्यावर केलेला खर्च अशा रीतीने माणसांच्या हाती जातो. वणव्यानंतरचा खर्च राखेत जातो.

पालकांनीही आपापल्या गावी गवत जाळण्याच्या समजुतीविषयी बोलावे. हिरवे गवत आगीने येत नाही, पावसाने येते. आग फक्त त्याचे बी आणि त्याखालची माती कमी करते. १४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा हे आपले उत्साहाचे दिवस वणव्याच्याच हंगामात येतात. त्या रात्री वाळल्या माळाजवळ फटाके आणि आकाशदिवे उडवू नयेत, ही विनंती आम्ही आपल्याच घरापासून सुरू करतो.

वणवा विझवणाऱ्याचे कौतुक होते आणि ते व्हायलाही हवे. परंतु ज्या वर्षी वणवा वस्तीपर्यंत आलाच नाही, त्या वर्षी कार्तिकात कोयता घेऊन वाकलेल्या माणसाचे नाव कुणी घेत नाही. आपल्या शाळेच्या परिवाराने त्या माणसाची मजुरी वेळेवर द्यावी आणि जमेल त्याने त्याच्या शेजारी कोयता घेऊन उभे राहावे. येत्या कार्तिकापासून याची सुरुवात व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.